दादा, तुझा गोल्फ केवढ्याला पडला

दादा,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, भन्तेजींनी धम्मदेसना दिली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागला. साळवेसाहेब शांत होते. साळवेसाहेब समजूतदार होते. साळवेसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. तुझ्या पाटबंधारे खात्यातले एक गृहस्थ तर म्हणाले की, साहेबांचा कुणाला कधी त्रास म्हणून झाला नाही. मी बायकांच्या रांगेत वहिनींच्या शेजारी बसले होते. शेवटी राहवेना. हळूच विचारलं, "वहिनी, हे कुणाबद्दल बोलतायत?" वहिनींनी पदर तोंडाशी धरला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

त्रास नाही म्हणे! त्यांना नसेल झाला. मी तुझी धाकटी बहीण. मला झालाय. आणि तो सगळा त्या एका खेळापायी. नगरसारख्या गावात, जिथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तिथे माझ्या सख्ख्या भावाला गोल्फ खेळायचा होता. क्रिकेट नाही, कॅरम नाही, पत्तेसुद्धा चालले असते. गोल्फ!

त्याची सुरुवात भंडारदऱ्याला झाली, हे मला पाठ आहे. तुझी तिकडे बदली झाली तेव्हा आई काळजीत होती, की डोंगरातला पाऊस पोराला सोसायचा नाही. पाऊस तुला सोसला. तुझ्या वरच्या साहेबांनी तुला धरणाखालच्या बागेत काठी कशी धरायची ते शिकवलं, ते मात्र आम्हाला सोसावं लागलं. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या काठ्या तुला देऊन टाकल्या. नगरला परत आलास तेव्हा टेम्पोत वहिनींची भांडी होती, गाद्या होत्या आणि सगळ्यांत वर, दोरीनं नीट बांधलेली, ती लांबडी पिशवी होती. मला वाटलं, सर्व्हेचं काही सामान असेल.

मग तू ते मैदान शोधून काढलंस. शहराबाहेरच्या माळावर, इंग्रज साहेबांच्या वेळचं. नऊ भोकं. हिरवळ म्हणशील तर पावसाळ्यातले चार दिवस. एरवी मुरूम, तरवड आणि कडेनं बाभळी. भोकाभोवती गवताऐवजी तेल मारून दाबलेली काळपट वाळू. जमीन सरकारी, कारभार एका समितीकडे. समितीत डॉक्टर, कारखानदार, निवृत्त अधिकारी. फाटकावर पाटी होती, की दिवसाची फी भरून मैदान सर्वांना खुलं आहे. ती पाटी तू मला इतक्या वेळा ऐकवलीस की तिथे पहिल्यांदा जाण्याआधीच मला तिचा रंगसुद्धा माहीत होता.

आईला तू हौसेनं एकदा तिथे घेऊन गेला होतास. मी सोबत होते. आई निंबाखाली बसली, पदरानं वारा घेत सगळा माळ तिनं न्याहाळला. दुष्काळी कामावर खडी फोडलेली बाई ती. तिला दगड, मुरूम, उन्हाचं काय कौतुक? तिनं विचारलं, "हितं हिंडायचं पैसं कोन देतं तुला?"

तू म्हणालास, "आई, मीच देतो."

"ल्हानपनी गुरं घेऊन असल्याच रानात हिंडायचास, तवा लोकं तुला भाकरी तरी द्यायची. आता तूच पैसं देऊन हिंडतूस व्हय?"

तू इतका हसलास की तुझ्या हातातली काठी पडली. मी हसले नाही. मला आईचं म्हणणं सरळसरळ पटलं होतं.

पण त्याच दिवशी मी तुला खेळताना पाहिलं, तेही सांगते. तू चेंडूपाशी उभा राहिलास, खांदे सैल सोडलेस, आणि एरवी ऑफिसच्या फायलींखाली वाकलेला माझा भाऊ असा काही वळला की मी बघतच राहिले. चेंडू बाभळींच्या वरून गेला. तू कपाळावर आडवा हात धरून तो कुठे पडतो ते पाहत राहिलास. तोंडावर कसली घाई नाही, कुणाची भीती नाही, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. इतकं निवांत मी तुला कधीच पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर तू विचारलंस, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "ऊन फार होतं."

मी बँकेत कॅशियर. पैसे मोजणं हे माझं पोट. तेव्हा तुझ्या खेळाचा हिशोब कधीतरी माझ्या तोंडून बाहेर पडणारच होता. तो पडला चौदा एप्रिलला, तुझ्या सावेडीच्या घरी, जेवताना. वहिनींनी खीर-पुरी केली होती. फ्रीज नव्हता म्हणून दूध पाणी भरलेल्या परातीत ठेवलं होतं, आणि ते उन्हानं जवळजवळ नासलं होतं. परात बघून माझं डोकं फिरलं.

"दादा, तुझ्या गोल्फचा वर्षाचा खर्च सांगू?"

"सांग की. बँकेतली हायस."

मी बोटांवर सुरू केलं. दर खेपेची फी. काठ्यांची पिशवी वाहणाऱ्याची मजुरी. चेंडू, जे बाभळीत जातात आणि परत येत नाहीत. बूट, ज्यांना खाली खिळे. हातमोजा, तोही एकाच हाताचा आणि किंमत दोन हातांची. स्कूटरचं पेट्रोल. खेळून झाल्यावर सगळ्यांना चहा, कारण साळवेसाहेबांना दुसऱ्यानं पैसे दिलेले खपत नाहीत. सगळं मिळून वर्षाला एक फ्रीज झाला असता, आणि वर मिक्सर.

"दर वर्षी एक फ्रीज त्या माळावर नेऊन पुरतोस तू," मी म्हटलं.

तू पुरी मोडत म्हणालास, "हिशोब बरोबर हाय. पण सदस्य असतो तर ह्याच्या निम्म्यात भागलं असतं."

"मग हो की सदस्य! कुणी अडवलंय?"

वहिनींनी न विचारता तुझ्या वाटीत खीर वाढली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"अर्ज देतो ना," तू म्हणालास. "दरसाली देतो."

"आणि?"

"विचाराधीन हाय म्हनत्यात."

माझा घास तोंडातच राहिला. तुझ्यानंतर आलेला एक सिमेंटचा व्यापारी सदस्य झाला होता. त्याला काठी कुठल्या बाजूनं धरायची तेही येत नव्हतं, हे तूच हसत हसत सांगितलं होतंस. मी म्हटलं, "दादा, आपल्या आडनावापाशी अडतंय ते. तुला दिसत नाही का?"

"ते तू म्हनतीस. ते तसं कधी म्हनत न्हाईत. मग मी तरी कसं म्हनू? मी अर्ज देतो आन् इचारतो, काय झालं. एवढंच."

घरात तुझी बोली गावाकडचीच, रागावलास की ती आणखी तिकडे वळायची. बाकी चेहऱ्यावर रागाची खूणसुद्धा नाही. आणि मी मात्र ताटावरून उठायच्या बेतात. "जे तुला आत घेत नाहीत त्यांना तू दर आठवड्याला पैसे देतोस? दादा, हे अपमानाचं भाडं झालं!"

"मैदान त्यांचं न्हाई, शालू. जमीन सरकारी हाय. पाटीवर लिवलंय, सर्वांना खुलं. मी फी भरतो, पावती घेतो, खेळतो. उपकार न्हाई कुनाचा."

तुझं हे 'पावती घेतो' ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडायची. आजही लिहिताना उडतेय.

पण खरं सांगायचं तर हा तुझा स्वभाव मला नवा नव्हता, आणि त्याचा फायदा पहिल्यांदा मीच घेतलाय. मी कर्जतहून नगरला कॉलेजात आले, तेव्हा माझी शिष्यवृत्ती अडकली होती. खिडकीतला माणूस रोज म्हणायचा, उद्या या. हॉस्टेलच्या खानावळीत माझं नाव फळ्यावर लागलं होतं, पैसे न भरलेल्यांत. मी कॉलेज सोडून घरी जायला निघाले होते, ट्रंकसुद्धा भरली होती. तू तेव्हा ओव्हरसियरचा डिप्लोमा करत होतास. तू आपले वर्ग संपले की यायचास आणि त्या खिडकीसमोर उभा राहायचास. आवाज नाही, भांडण नाही. ती बंद होईपर्यंत नुसता उभा. मी लाजेनं मरायचे. म्हणायचे, दादा, चल ना, लोक बघतात. तू म्हणायचास, "बघू दे. आपन उभं असलं की त्यांना नीट बसवत न्हाई." एक दिवस त्या माणसानं वैतागून माझे कागद काढले आणि सही केली. मी बँकेत लागले ती त्या सहीमुळे. म्हणजे तुझ्या उभं राहण्यामुळे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. भावाबहिणीत असलं बोलतं कोण?

पण शिष्यवृत्तीसाठी उभं राहणं वेगळं आणि चेंडू मारण्यासाठी उभं राहणं वेगळं. हा माझा मुद्दा होता. तू म्हणायचास, वेगळं कसं? आणि तिथेच आपलं भांडण दर वेळी अडायचं.

मग समितीनं फी वाढवायचं काढलं. सदस्यांची आहे तेवढीच, बाहेरून येणाऱ्यांची एकदम तिप्पट. तू त्या दिवशी माझ्या घरी आलास तो जगताप सरांना घेऊन. जगताप सर शाळेत पी.टी. शिकवायचे. गुडघा गेल्यामुळे त्यांचं पळणं बंद झालं होतं आणि तूच त्यांना गोल्फच्या नादी लावलं होतंस. सोबत सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर रूथ होत्या. त्या ड्यूटी संपवून थेट पांढऱ्या बुटांवर खेळायला जायच्या. तुमच्यासारखी रोजची फी भरून खेळणारी आठ-दहा माणसं त्या माळावर होती, आणि तिप्पट फी झाली तर तुझ्याशिवाय त्यांतलं कुणीही टिकणार नव्हतं.

जगताप सर म्हणाले, "ताई, आमचं काय, आम्ही सोडून देऊ. साहेबांना परवडेल."

"मला परवडतं म्हनून मी एकटा खेळू?" तू म्हणालास. मग माझ्याकडे वळलास. "शालू, सभा हाय रविवारी. तू चल."

"मी? मी कशाला? मला तो खेळ बघवत नाही."

"तुला खर्च पाठ हाय ना."

मी आले. का आले, देवच जाणे, आणि देव आपण मानत नाही. सभा निंबाखाली होती. सदस्य खुर्च्यांवर, आपण सतरंजीवर. अध्यक्ष म्हणजे एक वयस्क, गोड बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मैदान राखायचं तर पैसा लागतो. आणि सगळ्यांनाच येऊ दिलं की दर्जा राहत नाही, हेही खरं." सिमेंटवाल्यानं मान डोलावली.

तू उठलास. मला वाटलं, आता तरी माझा भाऊ चार शब्द खडसावून बोलेल. तू म्हणालास, "माझी बहीण बँकेत आहे. ती सांगेल." आणि खाली बसलास!

दादा, त्या क्षणी तू माझ्या हाताशी असतास तर मी तुला चिमटा काढला असता, लहानपणी काढायचे तसा, कातडी पिळून. सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. मी इतकी चिडले होते, तुझ्यावर, त्यांच्यावर, त्या उन्हावर, की बोलत सुटले. तुला घरी ऐकवलेला खर्च मी त्यांना ऐकवला. वर्षभर खेळणाऱ्या बाहेरच्या माणसाला सदस्याच्या दुप्पट पडतं, हे सांगितलं. माळ्याचा पगार या सतरंजीवरच्या लोकांच्या फीतून निघतो की तुमच्या वर्गणीतून, हे एकदा बघा, असं म्हटलं. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "एसटीसुद्धा रोज येणाऱ्याला पास देते! तुम्ही वर्षाचा पास काढा. सदस्य करू नका, खुर्ची देऊ नका, दर्जा तुमचा तुमच्यापाशी ठेवा. पण रोज येतो त्याला पास द्या."

सिस्टर रूथनी टाळी वाजवली. एकटीनंच. मग जगताप सरांनी.

तू मात्र सतरंजीकडे बघत हसत होतास. तुला ठाऊक होतं. मला चिडवलं की मी काय करते, हे तुला मी रांगायची तेव्हापासून ठाऊक होतं. माझा तुझ्याविरुद्धचा हिशोब तू तुझ्या बाजूनं वापरलास, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. सभा उठल्यावर अध्यक्ष आपल्याकडे आले. मी तुझ्या शेजारीच उभी होते. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. "साळवे, तुमचा अर्ज उगाच रेंगाळला. मी स्वतः लक्ष घालतो. या महिन्यात तुम्हाला सदस्य करून घेऊ. बाकी हे फी, पास वगैरे तुम्ही मनावर घेऊ नका आता."

एवढी वर्षं तू ज्यासाठी अर्ज देत होतास ते हातावर आणून ठेवलं होतं. निम्मा खर्च. खुर्ची. मी मनातल्या मनात फ्रीजचा रंगसुद्धा ठरवला.

तू म्हणालास, "पासचं आधी ठरू द्या, साहेब. मग माझ्या अर्जाचं बघा."

"अहो, पण दोन्ही कशाला? तुमचं काम झालं."

"माझं व्हईल. ह्यांचं?"

ते हसले. म्हणाले, विचार करा. तू म्हणालास, केला. आणि नमस्कार करून स्कूटरला किक मारलीस.

घरी येईपर्यंत मी मागच्या सीटवरून काय काय बोलले ते तुला वाऱ्यानं ऐकू गेलं नाही, असं तू नंतर म्हणालास. खोटं. लालटाकीच्या वळणावर तू आरशात माझ्याकडे बघून मान हलवली होतीस. मी म्हणत होते, आत गेला असतास तर आतून बोलला असतास. सदस्य म्हणून पास मागितला असतास तर जास्त वजन पडलं असतं. दोन्ही घेता आलं असतं! यावर तुझं उत्तर काय होतं? घरी पोचल्यावर स्कूटर स्टँडला लावत तू म्हणालास, "तू बोललीस झ्याक."

हे उत्तर आहे का, दादा?

पुढे कितीदा तरी मी हा विषय काढला. कधी तू म्हणालास, "खांद्यावर हात ठेवला त्यांनी, तो मला आवडला न्हाई." कधी म्हणालास, "जगताप सर बघत हुते." कधी नुसतं, "जाऊ दे ना." मला एक धड कारण तू दिलं नाहीस. मला राग त्याचा आहे. तुला अपमान झाला म्हणून नको होतं, की जगताप सरांसाठी नको होतं, की सगळ्यांच्या आधी एकट्याला मिळतंय याची लाज वाटली? मी तुझी बहीण. मला सांगायला काय होत होतं?

पास निघाला. बऱ्याच हेलपाट्यांनंतर निघाला, आणि तिप्पट फीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पहिला पास तू घेतलास. जगताप सरांनी हप्त्यानं घेतला. सिस्टर रूथनी पेढे वाटले. तुझा खर्च कमी झाला, पण सदस्यापेक्षा जास्तच राहिला. आणि तुझा अर्ज? तो तू पुढच्या वर्षीही दिलास. त्याच्या पुढच्या वर्षीही. "विचाराधीन." मी म्हटलं, "आता तरी बंद कर." तू म्हणालास, "मी दिला न्हाई तर ते म्हनतील, कुनी मागितलंच न्हाई." फ्रीज शेवटी वहिनींनी शिवणकामाच्या पैशांतून घेतला. तो घरी आला त्या दिवशी तू त्यात सगळ्यात आधी काय ठेवलंस? पाण्याच्या बाटल्या, मैदानावर न्यायला!

शेवटचा तू आलास तो गुरुवारी. माझी शुगर वाढलेली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. तू खुर्चीवर बसलास आणि म्हणालास, "तुझा पास काढू का? खेळू नको. नुसती चाल. हवा मोकळी हाय तिथं."

"चालायला पैसे? दादा, रस्ता काय कमी आहे नगरात?"

"रस्त्यावर गाड्या हायेत. तिथं सावलीसुद्धा हाय."

"सावलीचीही वेगळी फी घेतील ते."

तू हसलास. चहा घेतलास. पुन्हा म्हणालास, "बघ इचार करून." मी म्हटलं, "केला." अगदी तुझ्यासारखं. तुला ते कळलं. तू चप्पल घालता घालता हसत होतास. शनिवारी सकाळी दाढी करताना तू वहिनींना हाक मारलीस, आणि त्या हात पुसत येईपर्यंत खाली बसला होतास. मग दवाखाना, मग ते सगळं. मी पोचले तेव्हा तुझ्या एका गालाला अजून साबण होता. तो मी माझ्या पदरानं पुसला. कुणी पुसलाच नव्हता. मला त्याचासुद्धा राग आला.

आता कालचं सांगते.

काल दुपारी मैदानाचे अध्यक्ष आले. तेच. आता काठी टेकत चालतात. सोबत सिमेंटवाला. मी वहिनींपाशीच होते, तुझी लेक संगमनेरला परत गेली म्हणून. मी चहा ठेवला. अध्यक्ष तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. म्हणाले, "साळवे आमचेच होते. त्यांच्यासारखा माणूस मैदानावर दुसरा झाला नाही."

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. समितीनं एकमतानं ठरवलं होतं की तुला मानद सदस्य करायचं. मरणोत्तर. आत, खुर्च्यांच्या खोलीत, सदस्यांच्या नावांचा लाकडी फलक आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत तुझं नाव घालायचं. "अर्थात, वर्गणीचा वगैरे काही प्रश्न नाही," सिमेंटवाला म्हणाला.

दादा, मला हसावं की कप फेकून मारावा कळेना. जिवंतपणी दरसाल विचाराधीन, आणि मेल्यावर एकमतानं! पण त्याच वेळी माझ्या मनात दुसरंही येत होतं, आणि तुझ्यापाशी लपवण्यात अर्थ नाही. मला तुझं नाव तिथे हवं होतं. सोनेरी अक्षरांत. सिमेंटवाल्याच्या नावाखाली का होईना. आपल्या आईच्या पोराचं नाव त्या भिंतीवर दिसावं आणि ते कुणाला खोडता येऊ नये, असं मला फार वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलल्या.

तुला माहीत आहे, वहिनी परक्यांसमोर किती बोलतात ते. इतक्या वर्षांत तुझ्या गोल्फबद्दल त्यांच्या तोंडून मी बरावाईट शब्द ऐकला नव्हता. तू घाणेरडे चेंडू आणायचास, त्या सोड्याच्या पाण्यात घासून उन्हात वाळत घालायच्या. मला त्यांची कीव यायची. वाटायचं, बिचारी सोसतेय.

त्या म्हणाल्या, "नगं, साहेब."

अध्यक्षांना नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणालात?"

"नाव नगं. त्यांच्यापाशी पास हुता."

"अहो वहिनी, पास वेगळा. हा सन्मान आहे."

"व्हय. तुमी आलात, लई बरं वाटलं. चा घ्या." त्यांनी कप पुढे केला. "त्यांचा शेवटचा अर्ज तुमच्याकडंच आसंल. त्यावर काय ते लिवा. मंजूर तर मंजूर, नामंजूर तर नामंजूर. तेवढं मला कळवा."

सिमेंटवाला काहीतरी बोलू लागला, तर अध्यक्षांनी हातानं त्याला थांबवलं. चहा दोघांनी पूर्ण संपवला. उठताना अध्यक्ष वहिनींना म्हणाले, "कळवतो." एवढंच. काठी टेकत जिना उतरले.

दार लागलं तशी मी वहिनींवर उसळले. अगदी जशी तुझ्यावर उसळायचे तशी. "वहिनी, घ्यायचं होतं! काय गेलं असतं आपलं? एक पैसा मागत नव्हते. फुकट होतं!"

वहिनी रिकामे कप गोळा करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हनून तर नगं, ताई."

आणि कप विसळायला मोरीकडे गेल्या.

दादा, तुला इतकी वर्षं मी जे कारण विचारत होते, ते या बाईनं चार शब्दांत सांगून टाकलं, आणि आता नळाखाली कप विसळत होती. मला आपलं वाटायचं, त्या घरात मी तुझ्या एकट्याशी भांडतेय.